उभ्या चरी

९ फेब्रुवारी १९७३
पंपघर, सिरसाळ्याखालची वस्ती

हरिबा,

हे पत्र तू वाचशील की चुलीत घालशील, तुझं तू बघ. तुझी आई म्हणाली, "ल्हा तुमी. त्याचा राग कागदावर न्हाई, तुमच्यावर हाय." म्हणून लिहायला बसलो.

आधी कामाचं. तुझ्या लेकीच्या पाळण्यासाठी कड्या घडवून ठेवल्यात. नांगराच्या जुन्या फाळाचं लोखंड आहे. पोरगी मोठी होऊन तिची लेकरं त्यात झोपली तरी झिजायचं नाही. बारसं झालं हे आम्हाला बाजारात कळलं, तुमच्या आष्टीकडं खडी फोडायला गेलेल्या एका बाईकडून. नाव काय ठेवलं ते तिला धड आठवेना. तेव्हापासून तुझी आई भाकरी थापताना एकेक नाव घेऊन बघते आणि कोणतं जमतंय का म्हणून मला विचारते. तेवढं एक नाव तरी कळव.

इकडं नदीत वाळू उरलीय. सोसायटीचा पंप तोंड वासून बसलाय. वस्तीवर टँकर येतो, पण चेअरमन मोहनरावांच्या मनात येईल तेव्हा. ज्याच्यावर मर्जी त्याच्या दारापुढं ड्रायव्हर हॉर्न वाजवतो. आपल्या दारापुढं वाजवतो. यावर तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे, तेव्हा म्हणू नको.

जाताना बोललास ते माझ्या कानातून गेलेलं नाही. "आबा, तुमी बसा हिथंच ऐरणीवानी. येईल त्यानं ठोकावं." सोसायटीचं पाणी सभासदांच्या पाटात न जाता मोहनरावांच्या उसाकडं कसं वळतं, ते तू पंप चालवता चालवता पाहिलंस आणि चारचौघांत सांगितलंस. नोकरी गेली. आणि त्याच दिवशी तुझा बाप त्याच सोसायटीच्या पंपघराच्या शेडमध्ये भाता लावून बसलेला तुला दिसला. बसलो होतो, खरं आहे. तुझ्या आईला नदीत झरे उकरत फिरवायचं माझ्या जिवावर आलं होतं. एवढंच सांगतो, जास्त नाही.

आता एक बरी गोष्ट. पुष्कळ वर्षांनी मनाजोगं काम हातात आलंय. बंदुकीचं आहे. कुणाचं ते विचारू नको. पिकाची राखण करायची साधी ठासणीची बंदूक नव्हे ही. नळीच्या आत पिळाच्या चरी असलेली, खरी रायफल. गंजानं चरी खाल्ल्यात, त्या नव्यानं पाडायच्या आहेत.

लहानपणी तू विचारायचास, "आबा, नळीच्या आतनं कावून कोरायचं? भायेरनं तर दिसत न्हाई." मी म्हणायचो, भाता ओढ. आता तुला भाता ओढायला सांगता येत नाही, म्हणून उत्तर देतो.

साध्या नळीत गोळी जरा सैल असते. बोळातून पळणाऱ्या वासरासारखी ती या भिंतीला, त्या भिंतीला अंग घासत येते. तोंडाशी ज्या भिंतीला शेवटची धडकली तिच्या उलट बाजूला सुटते. शिकाऱ्यानं नेम कितीही धरला तरी ती शेवटची भिंत त्याच्या हातात नसते. पिळाची चरी असली की गोळी चिंधीत लपेटून घट्ट ठासायची. ती चरीला धरून फिरत फिरत बाहेर येते. फिरणाऱ्या वस्तूचा स्वभाव तुला माहीत आहे. थांबलेला भोवरा बोटानं पडतो, फिरणाऱ्याला टिचकी मारली तरी तो पुन्हा सावरून उभा राहतो. पारधी बाणाला पीस बांधताना जरा तिरपं बांधतात, तेही याचसाठी. साधी गोळी पिंपळाच्या बुंध्यावर धरली तर गावाला लागेल. ही मात्र सांगितलेल्या पानाला लागते.

असो. तुझी आई फडकं घेऊन उभी आहे. भाकरीच्या फडक्यातून पत्र सिरसाळ्याच्या पोस्टात नेते म्हणते. एवढं लपवायचं काय आहे, मी विचारलं. ती म्हणाली, "तुमाला कदी काय कळलंय?"

आबा


२१ फेब्रुवारी

हरिबा,

उत्तर नाही. बरं. पत्र परतही आलं नाही, म्हणजे चुलीत तरी पोचलं.

तुझ्या आईनं माझ्याकडून वदवून घेतलं, म्हणून तुलाही सांगून टाकतो. बंदूक मोहनरावांची आहे. लगेच पत्र फाडू नको, ती कशी सापडली ते तरी ऐक.

यंदा त्यांच्या मळ्यातली जुनी विहीर तळाला गेली. माझ्या आठवणीत तिचा तळ कुणी पाहिलेला नव्हता. गाळ काढायला माणसं उतरली तर गाळात चामड्याची जुनी मोट निघाली, तोंड शिवलेली. सोडून बघितली तर आत चरबीत लडबडलेली रायफल. पोलीस ॲक्शनच्या साली हत्यारं जमा करा म्हणून हुकूम निघाला होता, तेव्हा मोहनरावांच्या चुलत्यानं बुडवलेली. चुलता गेला, निजामाचं राज्य गेलं, आणि दुष्काळानं ही वर काढून दिली. मोहनराव हसत म्हणाले, "मिस्तरी, हिचा कागूद कुटंच न्हाई. सरकारच्या लेखी ही जल्मलीच न्हाई." मलाही त्या वेळी हसू आलं.

कशाला पाहिजे म्हणून विचारलं. म्हणाले, कालव्याकडच्या उसात डुकरं माजलीत. मी मान हलवली. सोसायटीतल्या कुणाच्या तोंडात पाण्याचा घोट नाही आणि ऊस अजून उभा आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही असं नाही. पण नळी हातात होती. काय नळी आहे रे! टिचकी मारली तर देवळातल्या घंटेसारखी बोलते.

माझे उस्ताद करीमखां तुला आठवणार नाहीत. बीडला पलटणीच्या हत्यारखान्यात होते. मला चार बुकं वाचता येतात ती त्यांच्यामुळं, तीही आधी उर्दू आणि मग मराठी. जेवायला बसले की ते गोष्टी सांगायचे. म्हणायचे, हे चरीचं काम फिरंग्यांच्या मुलखातलं, जर्मन कारागिरांचं, चारएकशे वर्षांमागचं. आणि गंमत अशी की सुरवातीला काहींनी चरी पाडल्या त्या उभ्या, सरळ. पिळाबिळाचा पत्ता नाही. त्या पाडल्या काजळीसाठी. दारू जळाली की नळीत काजळी साठते, दोनचार बार झाले की गोळी आत सरकेना. मग भिंतीला उभ्या रेघा पाडल्या. काजळी रेघांत बसते, गोळीला वाट मोकळी. पुढं कुणीतरी त्याच रेघा पिळानं मारल्या. बाण बघून मारल्या, की हात चुकला म्हणून, ते उस्तादांनाही माहीत नव्हतं. पण गोळी अशी काही जायला लागली की त्यांच्याकडच्या धर्ममार्तंडांत भांडण जुंपलं. एक म्हणे, गोळीवर सैतान बसून तिला बहकवतो, पण फिरत्या गोळीवर त्याला बसायला जमत नाही. दुसरा म्हणे, अहो, सैतानच फिरवतोय तिला, नाहीतर इतकी नेमकी जाईल कशी? खरं-खोटं कुणी पाहिलंय. उस्ताद दाढीतून हसायचे आणि म्हणायचे, "आसाराम, सैतान ना गोलीपर बैठता है, ना नलीमें. वो घोडेके पीछे बैठता है."

बंदुकीचा घोडा म्हणायचे ते. तेव्हा मला ते गोष्टीचं शेपूट वाटलं होतं.

बाळाचं नाव कळव.

आबा


३ मार्च

हरिबा,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी, पण तुझ्या आईनं ते देव्हाऱ्यात ठेवलंय. "मुलीचं नाव साखरा. २५ तारखेच्या सभेला येतो, तुमच्यासाठी न्हाई, पान्यासाठी." साखरा! पणजीचं नाव ठेवलंस. तुझी आई दिवसभर कुणाशी बोलली नाही, नुसती हसत होती.

आता हे नीट वाच.

सोसायटीची वार्षिक सभा पिंपळाच्या पाराजवळ भरणार, हे तुला ठाऊक आहेच. तिन्ही गावांचे सभासद मोहनरावांना उतरवायचं म्हणतात, आणि पाणी कसं वळलं हे तोंडावर सांगणारा तू एकटाच आहेस. हे मोहनरावांनाही ठाऊक आहे. तुझं कार्ड आलं त्याच दिवशी ते शेडमध्ये आले. सोबत बंकट. तुझ्या मागं पंपावर रखवालदार ठेवलाय, फौजेतून आलेला गडी आहे, बोलायला गोड.

मोहनराव म्हणाले, "मिस्तरी, ह्या शेडजवळच्या पान्याच्या टाकीवरनं पिंपळाच्या पारापत्तुर नेमकी जाईल का वो गोळी?"

मी म्हणालो, "जाईल की मालक. पर डुकरं पारावर येत्यात का?"

"सभेला समदीच येत्यात," ते म्हणाले आणि मोठ्यानं हसले. बंकट हसला नाही. तो जमिनीकडं बघत होता.

ते गेल्यावर मी बराच वेळ हातोडा हातात घेऊन बसलो. विस्तव विझून गेला तरी कळलं नाही.

त्या दिवसापासून शेडला बाहेरून कुलूप असतं. काम चोरीचं आहे, कुणी बघू नये, म्हणून, असं ते सांगतात. कुलूप मीच घडवलेलं आहे, सोसायटीच्या खताच्या गोदामासाठी. एका तारेनं उघडेल. पण उघडून जाऊ कुठं? मी दाराबाहेर पाऊल टाकलं की टँकर आपल्या दारासमोर थांबायचा नाही, आणि आपल्याच नव्हे, पूर्ण लोहारगल्लीसमोर थांबायचा नाही. मोहनराव हे बोलून दाखवत नाहीत. फक्त विचारतात, "पानी येतंय ना वेळेवर?" काम टाकून दिलं तर नळी दुसऱ्या कुणाकडं जाईल. नळी मोडून टाकली तर ते विकत आणतील. कुणाला जाऊन सांगावं, तर जी बंदूक जन्मलीच नाही तिच्याबद्दल काय सांगू?

तू येऊ नको असं लिहिणार होतो. लिहिलंही, आणि खोडलं. तू ऐकणार नाहीस, हे एक. दुसरं असं की काल टँकर आला तेव्हा भिंतीआडून आवाज ऐकू येत होते. तुळजाबाई म्हातारी पडली रांगेत. कुणीतरी तिला उचललं, आणि तेवढ्यात तिचा हंडा दुसऱ्या कुणीतरी पुढं सरकवला. माणसं वाईट नाहीत रे. पाणीच तेवढं नाही. ते कुठं गेलं हे कुणीतरी सांगायलाच पाहिजे.

म्हणून मी काम सुरू ठेवलंय. काय करतोय ते पुढच्या पत्रात.

आबा


१२ मार्च

हरिबा,

चरी पाडायचं सगळं सामान मी पुन्हा उभं केलंय, उस्तादांच्या पद्धतीनं. ऐक, म्हणजे तुला पुढचं कळेल. लाकडाची एक गोल लाट असते, तिच्या अंगावर पिळाची खाच. खाचेत खुंटी अडकवलेली. लाट ओढली की खुंटीमुळं ती फिरत फिरत पुढं येते. लाटेच्या टोकाला लांब गज, गजाच्या टोकाला पोलादी दात. लाट फिरते तसा गज फिरतो, गज फिरतो तसा दात, आणि दात नळीच्या पोटात पिळाची रेघ ओढतो. एका ओढीला केसाएवढं लोखंड निघतं. मग परत, मग परत. घाई करणाऱ्याचं काम नव्हे. तुझा धीर या जागी सुटायचा आणि तू पंपाकडं पळायचास.

मी काय केलं, लाट आणि गज यांच्या सांध्यातली खीळ काढून टाकली. पुढं गजाला दोन पट्ट्यांत धरून ठेवलं. आता लाट बघणाऱ्याच्या डोळ्यांपुढं झोकात गरगर फिरते आणि गज नाकासमोर सरळ जातो, सरळ येतो.

मोहनराव बघायला आले. खाटेवर बसून चहा घेतला. लाट फिरताना बघून लहान लेकरासारखे खूश झाले. "काय पीळ हाय वो मिस्तरी!" म्हणाले. मी म्हणालो, "पीळ तर हाय मालक." त्यांनी नळीच्या तोंडात करंगळी घालून चरी चाचपल्या. रायफल म्हणजे आत चरी असलेली बंदूक, एवढंच त्यांना माहीत. करंगळीला रेघा लागल्या, झालं.

नळीत आता उभ्या चरी आहेत, बाळा. चारशे वर्षांमागं काजळीसाठी पाडायचे तसल्या. गोळी यातून सरळ सरकत येईल, फिरणार नाही. टाकीवरून पारावर नेम धरला तर कुठं जाईल हे सैतानालाही सांगता यायचं नाही.

अशी नळी माझ्या हातात पहिल्यांदा आली आणि पुन्हा येणार नाही. खरी पिळाची चरी असली आणि नळी उजेडाकडं धरली, की उजेड आत वळत वळत जातो, वावटळीसारखा. उस्तादांनी एकदा दाखवला होता. तो मला माझ्या हातचा बघायचा होता. आता नळी उजेडाकडं धरतो तर आत खिडकीच्या गजांसारख्या उभ्या रेघा दिसतात.

तुझ्या आईला दारात बंकटनं अडवलं होतं. "काकू, फडक्यात काय हाय?" ती म्हणाली, "भाकर हाय. खातो का?" त्यानं खरंच घेतली एक. आणि फडकं न उघडता तिला जाऊ दिलं.

आबा


१९ मार्च १९७३

चिरंजीव हरिबा यास,

अनेक आशीर्वाद. येथील सर्व क्षेमकुशल आहे. चेअरमनसाहेब मोठ्या मनाचे आहेत, त्यांच्या मनात तुझ्याविषयी काही नाही. तरी रविवारी सभेस येण्यापूर्वी तू प्रथम शेडवर येऊन मला भेटावे. माझी प्रकृती बरी नसते. बाप-लेकांची भेट झाली म्हणजे पुढील सर्व गोष्टी गोडीने मिटतील. एकट्याने यावे, म्हणजे मनमोकळे बोलता येईल. अवश्य येणे.

तुझा वडील,
आसाराम


२२ मार्च

हऱ्या,

सोमवारचं पत्र माझं नव्हतं. अक्षर माझं, हात माझा, बोलणं मोहनरावांचं. ते खाटेवर बसून सांगत होते आणि मी लिहीत होतो. तू एव्हाना ओळखलं असशील. जन्मात मी तुला "यावे" म्हणालोय का कधी? माझी प्रकृती ठणठणीत आहे.

हे पत्र पोस्टानं वेळेत पोचणार नाही, म्हणून तुझी आई स्वतः आणतेय. मोहनरावांनीच तिला जीपमधून एसटीपर्यंत सोडलं. नातीला बघायला जाते, पाळण्याच्या कड्या द्यायच्यात, म्हणून ती रडली. ते म्हणाले, "जावा, जावा भिवराबाई. आन् येताना हरिबाला घेऊनच या." बंदुकीतलं तिला काही कळत नाही, म्हणून सगळं लिहून देतोय. नीट वाच, एकदा वाचून ठेवून देऊ नको.

धुळवडीच्या दिवशी वस्तीत हलगी वाजत होती, बोंबा चालल्या होत्या. त्या गोंगाटात मोहनरावांनी बार करून बघायचं ठरवलं. मला वाटलं, टाकीवर चढतील, पारावर नेम धरतील, गोळी भलतीकडं जाईल आणि माझं बिंग फुटेल. मी मनातून तयार होतो. पण लांब मारलं तर कुणी बघेल, म्हणून त्यांनी शेडच्या मागच्या बाभळीला एक फुटका माठ टांगायला लावला. शेडच्या दारापासून बाभळीपर्यंत एखादा पोरगाही खडा मारील. बंकटनं नेम धरला. माठाचं पीठ झालं.

मोहनरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला हायसं वाटलं. एवढंसं वाटलं, आणि लगेच माझी चूक ध्यानात आली. उभ्या चरीची गोळी लांबवर बहकते. जवळ ती कोणत्याही गोळीसारखीच गोळी असते. तिला बहकायला जागाच मिळत नाही.

आणि तेच मोहनरावांना सुचलं. माठाच्या खापऱ्या पायानं सारत ते म्हणाले, "टाकी अन् पार कशाला करायचं बे बंकट? बापाला भेटायला पोरगं दारात येईलच की." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मिस्तरी, कागूद घ्या."

मी कागद घेतला. त्यांनी माझ्या अंगाला बोटसुद्धा लावलं नाही. फक्त विचारलं, "लोहारगल्लीत पानी आलंतं ना आज?"

ते गेल्यावर बंकट नळी पुसायला थांबला. उजेडाकडं धरून आत बघत राहिला. मी भात्याजवळ बसलो होतो. तो हळू आवाजात म्हणाला, "आसारामकाका, मी फौजेत रोज रायफल पुसलीय. हिच्यात पीळ न्हाई."

मी भाता ओढायला घेतला.

"मला पयल्या दिवशीच दिसलं. मी काई पायलं न्हाई."

"कावून रे?" मी विचारलं.

"टाकीवर चढून पारावर मारलं आन् चुकलं, तर बंदुकीवर ढकलता येतं. मालक मलाच काय, तुमालाबी काय करनार न्हाई. म्हनंल, जुनी हुती, गंजली हुती. पर तुमच्या दारातनं चुकलं तर ते कुनावर ढकलू? माजी बायको-पोरं त्यांच्याच वाड्याच्या मागं ऱ्हात्यात, काका." मग नळी खाली ठेवून म्हणाला, "त्याला लांब ठेवा. लांब असला तर मी नेम धरीन. खुशाल धरीन. जवळ आला तर मला धरावा लागंल."

त्याचा राग येत नाही मला. मी आत कोंडलोय, तो बाहेर. कुलूप एकच आहे.

तेव्हा ऐक. तू सभेला येशील हे मी धरून चाललोय. नको म्हणणार नाही. नदीकडून ये, वाळूतून, तिन्ही गावांची माणसं बरोबर घेऊन. सरळ पारावर जा. टाकीकडची बाजू सोड, बुंध्याच्या पलीकडच्या अंगाला उभा राहा आणि तिथूनच बोल. तुझा आवाज तुझ्या आजासारखा आहे, भोंगा लागणार नाही. पाणी कुठल्या चावीनं कुणाच्या उसात गेलं ते सांग. सगळं सांग. बोलताना एखादा बार वाजला तर घाबरू नको, माणसांना खाली बसव आणि पुढं बोल. टाकीवरून किंवा शेडमधून तुझ्यापर्यंत सरळ येईल अशी गोळी त्या नळीत नाही, हे तुझा बाप तुला सांगतोय. तुझ्याभोवतीच्या माणसांचं मला भ्या वाटतं. म्हणून बुंध्याआड म्हणतोय, आणि म्हणून बायाबापड्यांना पाराच्या पलीकडंच बसव.

नवी कमिटी झाली, टँकर तिच्या हातात आला, की हे पत्र कलेक्टरसाहेबांपुढं ठेव. माझं नाव झाकू नको. नळी मी केली.

तुझ्या आईला परत पाठवू नको. रडेल, भांडेल, माझ्या भाकरीचं नाव काढील. पाठवू नको. साखराला तिच्या मांडीवर दे, म्हणजे थांबेल. पाळण्याच्या कड्या तुळईला नीट ठोक, एकेक ओढून बघ. साखराला माझ्याकडून भोवरा आणून दे. पोरगी आहे म्हणून मागं राहू नको. फिरताना बघू दे तिला.

आता शेवटचं.

रविवारी ते मला दारात उभं करणार आहेत. बंकट आतल्या बाजूला असेल, खिडकीशी. मी पांढरं मुंडासं बांधीन, म्हणजे पारावरून तुला दिसेन. तू जाताना पाठ करून गेलास, तेव्हापासून तुझं तोंड मी पाहिलेलं नाही. एवढ्या लांबून मला दिसणार नाही, माझी नजर आता ऐरणीपलीकडं जात नाही. पण तू मला बघ. बाप उभा आहे, धडधाकट आहे, हे बघून घे.

मग मी तुला हात करीन. ते सांगतील म्हणून करीन, आणि खरं सांगायचं तर माझाही हात मला आवरणार नाही. दोन्ही हातांनी बोलावीन, हाका मारीन, कदाचित खाली बसेन छाती धरून, तेही त्यांनी शिकवून ठेवलंय.

येऊ नको, बाळा. तिथंच उभा राहून बोल.

आबा